चादरीवरचा मोर मागून लाल का दिसतो? (आणि आपण विचारणं कधी सोडलं?)

उभा_धागा

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते, धागा मात्र पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

माझं माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं. नान्ना (आमच्यात वडिलांना नान्ना म्हणतात) चाळीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात होते. अम्मा विड्या वळायची. शाळेतून आलं की दप्तर टाकून मी सुताच्या कांड्या भरायला बसायचे. घर कारखान्याला इतकं लागून होतं की रात्री वीज गेली, माग थांबले, की मला जाग यायची. खटखट चालू असली की झोप शांत.

दिवाळीच्या सुट्टीत लेकीला घेऊन माहेरी आलेय. ती आठ वर्षांची आहे. एका सकाळी दोघी मिळून चादरीची घडी घालत होतो. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ती मध्येच थांबली. "आई, मोर इकडून पांढरा आहे आणि तिकडून लाल. का?"

मी म्हटलं, "तसाच असतो."

"तसाच म्हणजे कसा?"

"अगं, डिझाईनच तशी आहे. धर नीट."

तिने नीट धरलं. घडी झाली. पुढे काही विचारलं नाही तिने, आणि तिचं ते गप्प होणं मला दिवसभर टोचत राहिलं. कारण खरं असं होतं की मला माहीतच नव्हतं. ज्या चादरींवर आमचं घर चाललं, माझी फी भरली गेली, लग्न झालं, त्या चादरीवर मोर येतो कसा हे मी बेचाळीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. आणि माहीत नाही असं सरळ सांगायचं सोडून मी तिला "तसाच असतो" म्हणून गप्प केलं होतं.

संध्याकाळी मी तिला नान्नांसमोर बसवलं. म्हटलं, ताताला (आजोबांना) विचार.

नान्ना एक्काहत्तर वर्षांचे आहेत. काम सुटल्यापासून बोलणं फार कमी झालंय. आम्हीही त्यांना काय विचारतो? जेवलात का, गोळी घेतली का, पंखा लावू का. दिवसभर प्रश्नच की हे, पण त्यांना जे येतं त्याबद्दल त्यातला एकही नाही. लेकीचा प्रश्न ऐकून ते थोडा वेळ तिच्याकडे बघत बसले. मग उठले, स्टूल ओढलं आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. आम्ही नको नको म्हणत होतो तरी स्वतःच काढली.

पेटीत जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राची, जुनी कार्डं होती. वीतभर रुंदी नसलेल्या, लांबट, जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या, कडेला ओवायची भोकं आणि मध्ये ओळीने बारीक बारीक भोकं. काही ठिकाणी भोक, काही ठिकाणी कोरा पुठ्ठा. सुताने एकापुढे एक ओवलेली, घडी घातली तर पुस्तकासारखी मिटणारी माळ. अजून तेलाचा वास येत होता त्यांना.

नान्नांनी एक कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं आणि लेकीला म्हणाले, "हे वाच."

मागावर उभे धागे ताणलेले असतात आणि धोटा आडवा धागा घेऊन त्यांच्यामधून धावतो, एवढं मला ठाऊक होतं. पण धोटा धावायच्या आधी कोणते उभे धागे वर उचलायचे हे दर वेळी ठरवावं लागतं, आणि ते ठरवतं हे कार्ड. कार्डासमोर सुयांची रांग असते. जिथे भोक, तिथे सुई आरपार जाते, तिचा हूक जागेवर राहतो आणि धागा वर उचलला जातो. जिथे कोरा पुठ्ठा, तिथे सुई मागे ढकलली जाते, हूक बाजूला सरतो आणि धागा खालीच राहतो. धोटा गेला की माळ एक घर पुढे सरकते, पुढचं कार्ड येतं. एक कार्ड म्हणजे मोराची एक ओळ. मोराचा तुरा आधी, मग मान, मग पिसारा. यंत्राला मोर ठाऊक नसतो. त्याला एवढंच कळतं की इथे भोक आहे की नाही.

आणि लाल-पांढऱ्याचं? नान्नांनी आमच्या चादरीवरच्या मोराचं पोट चिमटीत धरलं आणि दोन पदर सुटे करून दाखवले. एक चादर म्हणजे एकावर एक विणलेली दोन कापडं! मोराच्या आत पांढरं कापड वर येतं आणि लाल खाली जातं. मोराच्या बाहेर लाल वर, पांढरं खाली. कडेवर दोन्ही एकमेकांत अडकतात. म्हणून पाठीमागून बघितलं की पांढऱ्यावर लाल मोर.

मी ते पदर हातात धरून बसले होते. इतकी वर्षं पांघरलेली चादर, पण हे कधी बोटांना जाणवलं नव्हतं.

तीन संध्याकाळी नान्ना बोलत होते. तीन! लेकीने चौकटीच्या वहीत स्वतःचं नाव काढलं, तर त्यांनी प्रत्येक ओळीला कुठे भोक पाडावं लागेल ते पेन्सिलीने खुणा करून दाखवलं.

मला तुम्हा सगळ्यांना विचारायचंय. उत्तर खरोखर माहीत नसताना, फक्त जाणून घ्यायचं म्हणून, तुम्ही शेवटचा प्रश्न कधी आणि कुणाला विचारलात? आणि सोडलंत कधी?

---

कडकभाकरी

ताई, वाचून उठलो आणि आधी पलंगावरची चादर उलटी करून बघितली. आमच्यावर हत्ती आहे. सुटतात की पदर! बायको म्हणाली, काय करूलालाव सकाळी सकाळी. आता तीपण बघत बसलीय.

---

मोहोळचा_मास्तर

उभा_धागा ताई, तुमच्या लेकीचं "गप्प होणं" मी रोज बघतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकोणीस वर्षं झाली मला.

पहिलीत आलेलं पोर दारातून आत येतानाच चार प्रश्न विचारतं. चौथीपर्यंत तेच पोर फक्त एक प्रश्न विचारतं: "सर, हे लिहून घ्यायचं का?"

हे आपल्याकडेच होतं असं मला वाटायचं. पण १९८४मध्ये बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज या दोघांनी लंडनमधल्या तीस मुलींचा अभ्यास मांडला. मुली साधारण चार वर्षांच्या. घरी आईशी आणि बालवाडीत बाईंशी काय बोलतात ते त्यांनी ध्वनिमुद्रित केलं. घरी तासाला सरासरी सव्वीस प्रश्न, बालवाडीत दोन. मुलगी तीच. मी हे वाचलं तेव्हा वही मिटून बराच वेळ बसून होतो.

दुसरी गोष्ट मी स्वतः करून बघितलीय. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधक बाईंनी वर्गात वेळ मोजला होता. शिक्षक प्रश्न विचारतो आणि उत्तरासाठी थांबतो किती? साधारण एक सेकंद. तेवढ्यात कुणी बोललं नाही की तोच दुसऱ्याकडे वळतो किंवा स्वतः उत्तर देऊन मोकळा होतो. त्यांनी शिक्षकांना तीन सेकंद थांबायला सांगितलं. मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलं बोलू लागली आणि मुलं स्वतःहून जास्त प्रश्न विचारू लागली.

तीन सेकंद म्हणजे काय ते वर्गात उभं राहून बघा. फार लांब असतात ते. मी मनात "विठ्ठल विठ्ठल विठ्ठल" म्हणतो, सावकाश, मग बोलतो. पहिल्या महिन्यात काही झालं नाही. दुसऱ्या महिन्यात शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने, जिचा आवाज मी हजेरीपलीकडे ऐकला नव्हता, हात वर केला आणि विचारलं, "सर, ज्वारीच्या कणसाला पाखरं खातात, तर बाजरीला केस कशाला असतात?" म्हणजे तिने शेतात बाजरीच्या कणसावरचे कूस बघितले होते, ज्वारीचं उघडं कणीस बघितलं होतं आणि दोन्ही शेजारी ठेवून विचार केला होता. कुठल्याही पुस्तकातला धडा नव्हता हा. त्या दिवशी तास तिथेच थांबवला आणि सगळ्यांना घेऊन शेजारच्या रानात गेलो. कूस असलेल्या कणसांवर पाखरं कमी बसतात का, ते आठवडाभर मुलांनी मोजलं.

---

विजापूर_वेस

चांगला धागा आहे, पण दुसरी बाजू मांडू का? प्रश्न विचारायला लहानपणी बंदी होती म्हणून आपण सोडलं, असं सगळे म्हणतात. मला वाटतं पोटामागे लागल्यावर सुटतं ते. सकाळी पाणी आलंय का बघायचं (आपल्याकडे ते कधी येईल हाच मोठा प्रश्न), डबा, ड्यूटी, हप्ता. मोर लाल का हे विचारायला डोकं रिकामं लागतं. नान्नांना मागावर असताना कुणी विचारलं असतं तर त्यांनी तरी सांगितलं असतं का?

---

उभा_धागा

विजापूर_वेस दादा, मुद्दा बरोबर आहे. नान्ना बारा तास उभे असायचे, घरी आल्यावर बोलायचं त्राण नसायचं. पण मी हेच त्यांना विचारलं काल. ते म्हणाले, मागावर उभं राहून विचार केल्याशिवाय चालतच नाही. धागा तुटला तर का तुटला, सूत खराब की ताण जास्त की हवा कोरडी, हे स्वतःला विचारावं लागतं, नाहीतर दिवसाला तीस वेळा तोच धागा जोडत बसशील. म्हणजे प्रश्न होतेच त्यांच्याकडे. आम्ही घरातले ते ऐकायला नव्हतो.

---

चार_पुतळ्यांजवळ

माझं सुटलं ते सातवीत. शाळेचं नाव घेत नाही. इतिहासाच्या तासाला मी विचारलं होतं, "सर, मार्शल लॉ म्हणजे काय?" पुस्तकात नुसता शब्द होता. सर म्हणाले, "परीक्षेला येणार नाही, बस." वर्ग हसला. छडी खाल्ली असती तर विसरलो असतो, ते हसणं विसरलो नाही.

त्यानंतर तीस वर्षं मी चार पुतळ्यांच्या चौकातून येतो-जातो. मागच्या बारा जानेवारीला पुतळ्यांना हार घातलेले होते आणि मागे बसलेल्या मुलाने विचारलं, "पप्पा, हे चौघं कोण?" मला चौघांची नावं सांगता आली नाहीत. गाडी बाजूला घेतली. त्या संध्याकाळी हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बसलो, बऱ्याच वर्षांनी.

मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३०च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, काही दिवस शहरात इंग्रजांची सत्ता चाललीच नाही आणि मग मार्शल लॉ लागला. पोलिसांना मारल्याच्या आरोपावरून या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. नावं वाचताना मला पहिल्यांदा दिसलं की चौघांत एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. गावातल्या सगळ्या गल्ल्या आल्या त्यात.

मार्शल लॉ म्हणजे काय, याचं उत्तर मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मिळालं. लष्कराच्या हातात शहर देणं. टोपी घातली म्हणून माणसं धरली जात होती इथे, ज्या रस्त्यावरून मी रोज जातो तिथे. मुलाला सगळं सांगितलं. त्याने लगेच पुढचं विचारलं: मग त्यांनी खरंच मारलं होतं का पोलिसांना? ते अजून वाचतोय.

---

औषधाच्या_दुकानातून

माझा धंदा दुकानाचा, त्यामुळे माझी बाजू वेगळी आहे. प्रश्न न विचारल्याने माणसाच्या अंगावर काय येतं ते मी काउंटरमागून बघते.

मागच्या पावसाळ्यात एक आजी दोन चिठ्ठ्या घेऊन आल्या. एक तापाची, एक सर्दीची, दोन वेगळ्या ठिकाणच्या. तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल. नावं वेगळी, रंग वेगळे, आतलं औषध तेच. आजी दोन दिवस दोन्ही घेत होत्या. जास्त झालं तर लिव्हरला त्रास देणारं औषध आहे हे. मी फोन करून विचारलं, एक बंद करून घेतली.

आजींना विचारलं, तुम्ही का नाही विचारलंत? म्हणाल्या, "एवढी गर्दी, डॉक्टर घाईत. आपण अडाणी बाई, काय विचारायचं?"

माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. गोळीच्या पाकिटावर मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात आतल्या औषधाचं नाव असतं. ते बघा. दोन पाकिटांवर तेच नाव दिसलं तर विचारा. समोरचा चिडला तरी विचारा. मी माझ्या दुकानात कुणी विचारलं तर कितीही गर्दी असो, थांबते. हे मी त्या आजींनंतर ठरवलंय.

---

होस्टेलवरचा

सगळ्यांचं वाचलं. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी तर दिवसाला पन्नास प्रश्न विचारतो, फोनला. उत्तर लगेच येतं. पण खरं सांगू? काल काय विचारलं ते आज आठवत नाही. मोर लाल का हे मी फोनला विचारलं असतं तर दोन ओळीत उत्तर आलं असतं आणि मी पुढे गेलो असतो. ताईंच्या लेकीला मात्र ते जन्मभर लक्षात राहणार. फरक कशात आहे कुणी सांगेल का? चेष्टा नाही करत, खरंच विचारतोय.

---

मन_शिकवते

होस्टेलवरचा, तुझा प्रश्न माझ्या विषयाचा. (कॉलेजात मानसशास्त्र शिकवते.)

जॉर्ज लोवेनस्टाईन यांनी १९९४मध्ये एक साधी कल्पना मांडली. आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत करून घ्यायचंय, त्यांच्यात फट दिसली की कुतूहल जागं होतं. दाताच्या फटीत अडकलेल्या बडीशेपेसारखं, जीभ तिथेच जात राहते. पण फट दिसायला आधी थोडं माहीत असावं लागतं. काहीच माहीत नसेल तर कुतूहल होत नाही, आणि सगळं माहीत आहे असं वाटलं तरी होत नाही.

हे दुसरं मोठ्या माणसांचं दुखणं. येल विद्यापीठात लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी लोकांना विचारलं, बॅगेची चेन, कुलूप, शिलाई यंत्र कसं चालतं हे तुम्हाला किती कळतं? लोकांनी स्वतःला बरे गुण दिले. मग म्हणाले, आता टप्प्याटप्प्याने लिहून दाखवा. लिहिताना हात अडला आणि त्यानंतर पुन्हा गुण द्यायला सांगितल्यावर लोकांनी स्वतःच ते कमी केले. २००२चा अभ्यास आहे हा. उभा_धागा ताईंना "तसाच असतो" म्हणताना जे झालं ते हेच. चादर इतकी ओळखीची की ती कळली आहे असंच वाटतं.

आता फोन. २०१४मध्ये मथायस ग्रुबर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. लोकांना कोड्यासारखे प्रश्न दिले आणि उत्तर दाखवायच्या आधी काही सेकंद थांबवलं. त्या मधल्या वेळात पडद्यावर अनोळखी चेहरे दाखवले. ज्या प्रश्नाचं उत्तर जाणून घ्यायची उत्सुकता जास्त होती, त्याची उत्तरं तर जास्त लक्षात राहिलीच, पण त्या वाट बघण्याच्या वेळात दिसलेले, प्रश्नाशी काही संबंध नसलेले चेहरेही जास्त लक्षात राहिले. वाट बघताना मेंदू उघडा असतो असं मी वर्गात सांगते. तुझ्या फोनवर ती वाट बघणंच उरत नाही.

एक करून बघ. विचारायच्या आधी स्वतःचा अंदाज कागदावर लिही, चुकीचा का असेना. मग फोन काढ.

---

होस्टेलवरचा

लिहिला. पहिला प्रश्न: मेसमधली कडक भाकरी महिनाभर टिकते, मग मऊ भाकरी दुसऱ्या दिवशीच का बिघडते? अंदाज: पाणी. बुरशीला पाणी लागतं, कडक भाकरीतलं भाजून उडवलेलं असतं. अजून फोन काढला नाही. उद्या मेसच्या मावशींना विचारणार.

---

बार्शीकडचा

मास्तरांनी रानातलं लिहिलं म्हणून आमचं अंगणातलं लिहितो.

नातवाने विचारलं, बाराला सूर्य डोक्यावर येतो म्हणतात, मग सावली का पडते? मी म्हटलं चल बघू. अंगणात नळाचा एक तुकडा ओळंब्याने सरळ उभा केला. एप्रिलपासून रोज दुपारी सावलीच्या टोकाला खडूची खूण. दोन गोष्टी त्याला सापडल्या. एक, सावली सगळ्यात आखूड बाराला होतच नाही, साडेबाराच्या जरा आधी होते. कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेवर चालतं, मिर्झापूरकडून जाणाऱ्या. आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून आपला मध्यान्ह उशिरा. दोन, सावली रोज थोडी आखूड होत गेली आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी नळाभोवती काहीच उरलं नाही! शून्य सावली. सोलापूर शहरात हे १०-११ मेच्या सुमाराला होतं, १२ वाजून २३ मिनिटांच्या आसपास. बार्शी थोडी उत्तरेला, म्हणून आमच्याकडे दोन-तीन दिवसांनी. जुलैच्या शेवटी-ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य परतताना पुन्हा होतं, पण तेव्हा ढग असतात.

चाळीस-बेचाळीसच्या उन्हात डोक्यावर ओला पंचा टाकून दोघं बसलो होतो. त्याची आजी ओरडत होती आतून. सावली नाहीशी झाल्यावर तिलाही बोलावलं. ती आली, नळाकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, गेली की. कुठे गेली?"

---

करमाळ्याचा_शेतकरी

ढगांचं नाव निघालंच आहे तर. २०१८-१९च्या पावसाळ्यात सोलापूरवरून विमानं फिरायची आठवतं का? आमच्याकडे लोक म्हणायचे, विमान येतं आणि पाऊस पळवून लावतं. मीही म्हणायचो. मग विचार आला, आपण कुणाला विचारलंय का?

माहिती काढली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचा प्रयोग होता. सोलापूर निवडलं कारण आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, ढग येतात पण कोरडेच जातात. विमानातून ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराईडचे बारीक कण सोडायचे, त्यावर पाणी धरून थेंब मोठे होतात का बघायचं. मला पटली ती पुढची गोष्ट. काही ढगांवर कण सोडले आणि तसल्याच काही ढगांना मुद्दाम हात लावला नाही, कुठला ढग कुठल्या गटात ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. नाहीतर पडलेला पाऊस आपल्यामुळे की तसाही पडणार होता हे कळणार कसं? १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सुमारे १८ टक्के जास्त पाऊस असं त्यांनी मांडलं. ढगच नसेल तर मात्र काही करता येत नाही.

विमान पाऊस पळवतं हे मी आता म्हणत नाही. आणि या खरिपात मी पण तसंच केलं. नवीन खत अर्ध्या वाफ्यांना टाकलं, अर्ध्यांना नाही, चिठ्ठ्या टाकून. दुकानदार म्हणत होता सगळ्याला टाका.

---

नणंदेची_भावजय

सगळ्यांचं छान आहे. पण सुनेने विचारलं तर त्याला उलट उत्तर देणं म्हणतात, कुतूहल नाही. लग्नानंतर अकरा वर्षं मी "का" हा शब्द या घरात वापरलेला नाही. आज हा धागा वाचून सासूबाईंना विचारलं, शेंगाची चटणी उखळातच का कुटायची, मिक्सरमध्ये का नाही? भीत भीतच विचारलं. त्या म्हणाल्या, मिक्सरमध्ये पातं कापतं, उखळात दाणा दबतो, दबला की तेल सुटतं. मग स्वतःच्या आईचं उखळ कसं होतं ते सांगत बसल्या. अर्धा तास. मला वाटलं होतं चिडतील.

---

कडकभाकरी

वहिनी, हे वाचून बरं वाटलं बगा.

एक आठवलं. आमच्या गल्लीत एकाच प्रश्नाला पाच आवाज. आम्ही म्हणतो "का", गावाकडचे "कामून", शेजारचे अप्पा "याके", वरच्या मजल्यावर "एंदुकु", कोपऱ्यावरचा चाचा "कायकू". लहानपणी गोट्या खेळताना पाचही चालायचे. कुठल्याही भाषेत विचारलं तरी उत्तर मिळायचं. ताईंची लेक ताताला कुठल्या भाषेत विचारते?

---

उभा_धागा

कडकभाकरी दादा, मराठीत सुरू करते, आणि हट्टाला आली की "एंदुकु ताता, एंदुकु".

सगळ्यांचे प्रतिसाद नान्नांना वाचून दाखवले. नणंदेची_भावजय, तुमचा दोनदा. कालची संध्याकाळ सांगते आणि थांबते, उद्या सकाळची गाडी आहे आमची.

लेकीने विचारलं, जकार्ड म्हणजे काय? नान्ना म्हणाले, यंत्राचं नाव. इंग्रजी शब्द. चाळीस वर्षं त्यांनी तेच धरलं होतं. मन_शिकवते बाईंचं ऐकून आधी आम्ही तिघांनी अंदाज लिहिले, मग शोधलं. जकार्ड हे माणसाचं नाव आहे. जोसेफ मारी जकार्ड, फ्रान्समधल्या लियों गावचा, रेशमाचं काम चालायचं तिथला. हे यंत्र त्याने १८०४मध्ये पूर्ण केलं. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने हीच भोकाच्या कार्डांची युक्ती आकडेमोडीच्या यंत्रासाठी घ्यायची ठरवली, संगणकाच्या कितीतरी आधी.

नान्ना ऐकत होते. म्हणाले, "तो विणकर होता का?"

हो. विणकर, आणि विणकराचाच मुलगा.

ते काही बोलले नाहीत. कार्डाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसले. मग लेकीने वाचलं, की तो गेल्यानंतर १८३९मध्ये त्याच्याच यंत्रावर रेशमात त्याचं चित्र विणलं, इतकं बारीक की लोकांना छापलेलं वाटायचं, आणि त्या एका चित्राला कार्डं लागली चोवीस हजार. नान्नांच्या हातून गेलेली सगळ्यात मोठी माळ बाराशेची.

"चोवीस हजार?" नान्ना ताठ बसले. "एका चित्राला? अगं, मग ती ओवली कुणी?"

शोधतोय आम्ही. अजून सापडलं नाही.